'छान लिहिलंयस' च्या पलीकडे : कुणी तुमचं लिखाण तोंडावर वाईट म्हटलंय का? (अनुभव धागा)

मंडळी, परवा एका मित्राने कथा पाठवली, बारा पानं, आणि खाली 'प्रामाणिक मत सांग हां'. मी 'मस्त रे, आवडली' लिहून अंगठा टाकला आणि मोकळा झालो. मग रात्रभर तेच डोक्यात. कथा वाईट होती, पण का वाईट ते मला धड सांगता येत नव्हतं, नुसता कंटाळा आला एवढंच कळत होतं. सकाळी परत उघडली तर पहिल्याच पानावर निळाशार समुद्र, हिरवीगार झाडी, लाल माती, कौलारू घर. गोष्ट मे महिन्यातली! अरे मे महिन्यात आमच्या कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर येऊन बघ, गवत वाळून पिवळं झालेलं, कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही, हिरवंगार काय डोंबलाचं. आणि हा माणूस पर्यटक नाही, जन्म गेलाय त्याचा इथे.

तर तुमचे अनुभव लिहा. ऐकून घेतलेले पण आणि ऐकवलेले पण. नावं नकोत कुणाची.

मालवणहून
माझी पहिली कथा मी काकांना वाचून दाखवली. काकांनी जन्मभर मासेमारी केली, वाचन म्हणाल तर पेपर तेवढा. कथेत जुलैची रात्र, वादळ, नायक एकटा ट्रॉलर घेऊन निघतो वगैरे. मी एकदम रंगात येऊन वाचतोय आणि मध्येच काका, "मेल्या, जुलयात बंदी आसता. बोट भायर पडली कशी?" १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते हे मला काय माहीत नव्हतं? बंदरावरच वाढलोय. पण लिहायला बसलो की डोक्यात सिनेमातला समुद्र येतो. मी म्हटलं काका, कथा आहे ती. तर म्हणाले, "मग बंदी मोडून गेलो असा लिही. कित्याक मोडल्यान ता लिही." म्हणजे का मोडली ते.
बास. कर्ज, इंजिनाचा हप्ता, बायकोशी भांडण, सगळी कथा त्या 'कित्याक'मधून निघाली. वादळ शेवटी काढूनच टाकलं.

गुहागरहून
माझ्या कथेतली म्हातारी 'माका', 'तुका' बोलायची. का? तर कोकण म्हणजे मालवणी, टीव्हीवर तसंच असतं ना. एका मैत्रिणीने समासात पेन्सिलने फक्त एवढंच लिहिलं, 'ही कुडाळहून कधी आली?' तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. कुडाळ म्हणजे मालवणी मुलूख, आमच्याकडे संगमेश्वरी बोलतात, माझी आजी तेच बोलायची, आणि खरं सांगायचं तर कॉलेजात असताना मला त्या बोलण्याची लाज वाटायची. मैत्रिणीला यातलं काही माहीत नव्हतं, पण बोट मात्र तिने नेमकं तिथेच ठेवलं.

रत्नागिरीहून
मी एका स्मरणिकेचं संपादन बघतो, म्हणजे फुकटची वाईट कामं. एका निवृत्त कारकुनावर श्रद्धांजलीचा लेख आला. सागरासारखे अथांग, हिमालयासारखे उत्तुंग, चंदनासारखे झिजले. दीड पान वाचलं तरी माणूस बुटका की उंच तेसुद्धा कळेना! लेखकाला फोन लावला आणि विचारलं, त्यांच्या टेबलावर काय असायचं हो? थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, एक जास्तीचं पेन असायचं, दोऱ्याने टेबलाच्या पायाला बांधलेलं, खेड्यातून सही करायला येणाऱ्या माणसाला पेन मागायला लागू नये म्हणून. अहो मग हे लिहा ना! लिहिलं त्यांनी. छापून आल्यावर त्या कारकुनांच्या सूनबाईंचा फोन आला, पेनचं वाचून सगळे रडले म्हणाल्या. लेखक मात्र अजून नाराज आहेत, हिमालय कापला म्हणून.

देवगडहून
मी वेगळं लिहिते, सॉरी. कॉलेजच्या स्पर्धेत परीक्षकांनी माझी कविता माइकवरून नाटकी आवाजात वाचून दाखवली, सगळा हॉल हसला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, यमकासाठी मी ओढून ताणून शब्द आणले होते, आज मलाही वाचवत नाही ती. पण त्यानंतर अकरा वर्षं एक ओळ लिहिली नाही. बरोबर बोलले म्हणून मी त्यांना माफ करावं असं मला वाटत नाही, आणि 'स्पष्टवक्ता आहे मी' म्हणणारी माणसं दिसली की आता मी उठून जाते.

दापोलीहून
मी कुणालाच काही सांगत नाही. गाव लहान आहे, उद्या त्याच्याच दुकानात नारळ घ्यायला जायचंय.

मालगुंडजवळून
शाळेत शिकवते. कवी केशवसुतांचं गाव, स्मारक हाकेच्या अंतरावर, दरवर्षी मुलांना नेतो आणि मग निबंध. सगळ्या वह्यांत सुरुवात एकच, 'निसर्गाच्या कुशीत वसलेले'. यंदा सांगितलं की पहिलं वाक्य खोडा आणि दुसऱ्यापासून सुरू करा. एकाने विचारलं, बाई दुसरं पण तसलंच असलं तर? म्हटलं ते पण खोड. त्याची अख्खी वही कोरी झाली आणि शेवटी त्याने चप्पल तुटल्यामुळे पूर्ण वेळ तो फरशीच गार लागतेय एवढं बघत होता ते लिहिलं. वर्गात तेवढाच एक मला वाचावासा वाटला. दोष मुलांचा नाही, 'निसर्गाच्या कुशीत'ला मार्क आम्हीच देतो.

सावंतवाडीकडून
मी दशावतारी नाटकात पेटी वाजवतो. आमच्याकडे संहिता लिहिलेली नसते, कथानक आधी ठरतं आणि भाषणं उभ्या उभ्या होतात, त्यामुळे टीका पण तिथल्या तिथे. जत्रेत खाज्याच्या दुकानासमोर गर्दी वाढायला लागली की समजायचं, राजाचं भाषण लांबलं! आमचे एक जुने नट नाटक संपल्यावर कुणालाच काही बोलत नाहीत. रात्रभर उभा राहिलेला माणूस, तोंडाचा रंग पण उतरला नसतो, तेव्हा त्याला काय सांगणार? दुसऱ्या दिवशी टेम्पोत, चहा झाल्यावर, एकच गोष्ट सांगतात. "काल राजान तीनदा तांच सांगल्यान." दुसरी गोष्ट पुढच्या जत्रेला.

धागाकर्ता परत
पेटीवाल्यांचं वाचून काल मित्राला फोन केला, चहाच्या वेळेला. अंगठा खोटा होता हे आधी सांगून टाकलं. मग म्हटलं, सातव्या पानावर तुझा बाप विहिरीवरचा रहाट विकतो तिथे मी थांबलो, परत वाचलं, कथा तिथून सुरू कर. तो बराच वेळ गप्प. "पहिली सहा पानं लिहायला मला दोन महिने लागले रे." मी पण गप्प. मग म्हणाला, "झाडी काढतो. मे महिन्याचं बरोबर आहे तुझं. पण कौलारू घर राहू दे, ते खरंच कौलारू होतं."