अनुभव सांगा : कॉलेजात मुलं टिकावीत म्हणून खपणारे कर्मचारी

घरातून कॉलेजात येणारं पहिलंच मूल असलं की त्याची गाठ प्राध्यापकांच्या आधी ऑफिसशी पडते. तुम्ही ऑफिसात, ग्रंथालयात, वसतिगृहात असाल तर लिहा. धोरणावर भाषण नको, काय घडतं ते सांगा.

• मी शिष्यवृत्ती विभागात लिपिक. दिवसभर महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं राज्याचं पोर्टल. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख. मुलं त्यात बसतात, फॉर्मही मंजूर होतो, आणि घोडं अडतं बँकेत. "मॅडम, मंजूर दाखवतंय, पैसे नाहीत." बघावं तर आधार जोडलेलं असतं शाळेत असताना काढलेल्या, कधीच बंद पडलेल्या खात्याला. म्हणून आता प्रवेश घेतानाच मोबाईलवर आधार सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या खात्याला जोडलंय, ते तपासून घेते.

त्यात २०२१ पासून या शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा फीसकट मुलांच्या खात्यात येतो, त्यातून कॉलेजची फी त्यांनीच भरायची. घरात आजारपण निघालं तर ते पैसे राहतात होय! वसुलीची यादी मात्र माझ्या टेबलावर. एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, हॉल तिकीट अडवणार का?" तिला घेऊन प्राचार्यांकडे गेले, हप्ते पाडून घेतले. बाकी अजून फिटलेली नाही. पेपर सगळे दिले तिने.

• मी दिव्यांग मुलांच्या परीक्षेचं बघतो. तासाला २० मिनिटं जादा वेळ देण्यावरून हल्ली कोणी वाद घालत नाही. खरी पंचाईत लेखनिकाची, म्हणजे मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणाऱ्याची. मुलाने स्वतःचा लेखनिक आणला तर तो त्याच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. इतिहासाला कोणीही चालतो हो, पण अकाउंट्सला? नावे-जमा सांगितल्यावर ती बरोबर रकान्यात लिहिणारं पोर हवं. आमच्या अंध विद्यार्थ्याने बारावी कॉमर्सच्या एका मुलाला आधी महिनाभर स्वतः शिकवलं, मग लेखनिक म्हणून बसवलं. मी फक्त रिकामी खोली आणि किल्ली दिली.

• वसतिगृह अधीक्षक. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही की स्वाधार योजना, म्हणजे बाहेर राहण्या-जेवण्याच्या खर्चाचे पैसे. मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये. रक्कम वाईट नाही, पण ती हप्त्याने, तीही उशिरा. खोलीचं भाडं दर महिन्याला. मधल्या काळात ही पोरं वसतिगृहातल्या मित्राकडे येतात, एका कॉटवर दोघं झोपतात. मला दिसतं, मी रजिस्टरमध्ये लिहीत नाही.

• मी शिपाई आहे, टायपिंग मुलाकडून करून घेतोय. आमच्याकडे खिडकीवरून ओरडायचे, "एससी-एसटीवाले तिकडे लाईन लावा!" निम्मी पोरं जागची हलायचीच नाहीत, सगळे बघतात म्हणून. रंगरंगोटी निघाली तेव्हा पेंटरला सांगून त्या खिडकीवर नुसतं 'शिष्यवृत्ती' लिहून घेतलं. साहेबांना विचारलं नव्हतं. त्यांनीही अजून विचारलेलं नाही.