अंडर-१३ स्पर्धेत मुलगा मोबाइलसह सापडला. शिक्षा किती, आणि कोणाला?

तिरका_उंट :
आमच्या भागातल्या बुद्धिबळाच्या एका अंडर-१३ रेटिंग स्पर्धेत (जिच्या निकालावर खेळाडूचे गुण, म्हणजे रेटिंग, ठरतं) परवा एक मुलगा स्वच्छतागृहात मोबाइलसह सापडला. इंजिन (चाल सुचवणारं सॉफ्टवेअर) चालू, डावातली पोझिशन मांडलेली, संशयाला जागाच नाही. आर्बिटरने, म्हणजे पंचाने, त्याला त्या डावात पराभूत ठरवलं आणि पुढच्या फेऱ्यांतून काढून टाकलं. इथवर माझी काहीच तक्रार नाही. पण संध्याकाळपर्यंत मुलाचा फोटो, शाळेचं नाव, वडिलांचं दुकान कुठे आहे हे सगळं पालकांच्या ग्रुपांवर फिरत होतं. 'आजन्म बंदी घाला' ही त्यातल्या त्यात सौम्य सूचना.

मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, म्हणून माझं मत मांडतो. चौदाच्या आतल्या मुलाला पहिल्या वेळी जास्तीत जास्त एक वर्ष रेटिंग स्पर्धांतून बाहेर ठेवावं. नाव संघटनेकडे नोंदवावं, चारचौघांत जाहीर करू नये. आणि यात मोठ्या माणसाचा हात असेल, मग तो बाप असो की कोच, तर त्याला मुलापेक्षा जास्त शिक्षा व्हावी.

याला दाखलाही आहे. २०१० च्या खांती-मानसिस्क (रशिया) बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये फ्रान्सचा सेबास्तियन फेलर १९ वर्षांचा होता. त्याचा साथीदार सिरिल मार्झोलो फ्रान्समध्ये बसून कॉम्प्युटरवर डाव बघायचा आणि मोबाइलवरून चाल कळवायचा. मग संघाचा कोच आर्नो ओशार सभागृहात ठरलेल्या टेबलामागे जाऊन उभा राहायचा, त्यावरून फेलरला चाल कळायची. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, फेलरला २ वर्षं ९ महिने बंदी घातली, मार्झोलोला दीड वर्ष आणि ओशारला ३ वर्षं. म्हणजे सगळ्यात जास्त कोचला. मला हे बरोबर वाटतं.

घाटावरची_राणी :
सर, तुमचं सगळं लिखाण पकडलेल्या मुलाबद्दल आहे. त्याच्यासमोर बसलेल्या मुलांबद्दल एक ओळ नाही.

माझी मुलगी दुसऱ्या एका स्पर्धेत अशाच खेळाडूकडून हरली. तो दोन फेऱ्यांनंतर पकडला गेला. अठरापर्यंतच्या मुलांना २३०० रेटिंगच्या खाली के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४० असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. बरोबरीच्या रेटिंगच्या मुलाकडून हरलं की एका डावात २० गुण जातात. रात्रभर रडून दुसऱ्या दिवशी ती आणखी दोन डाव हरली, ते गुण वेगळे. एन्ट्री फी, एसटी, लॉज, नवऱ्याची रजा यांचा हिशोब तर कोणी मागतच नाही.

'लहान आहे हो' हे ऐकून कंटाळा आलाय. ज्या पोराला स्टॉकफिश या इंजिनने दाखवलेलं +३ (पांढऱ्याची मोठी आघाडी) म्हणजे काय ते कळतं, त्याला फसवणूक म्हणजे काय ते कळत नाही? तीन वर्षं बंदी हवी. नावही जाहीर व्हायला हवं, म्हणजे पुढच्या स्पर्धेत समोर कोण बसलंय हे आम्हाला कळेल.

हत्ती_सरळ :
राणीताईंना पूर्ण पाठिंबा. २००६ मध्ये दिल्लीच्या स्पर्धेत उमाकांत शर्मा टोपीत ब्लूटूथ घेऊन बसलेला सापडला, आपल्या महासंघाने १० वर्षं बंदी घातली. एक घाव दोन तुकडे. हल्ली मात्र समुपदेशन करा, समजून घ्या. उद्या सापडलेल्या मुलाला पेढा द्यायचा का?

तिरका_उंट :
@हत्ती_सरळ, उमाकांत शर्मा बारा वर्षांचा नव्हता. बारा वर्षांच्या मुलाला १० वर्षं म्हणजे बुद्धिबळ संपलंच, 'आजन्म' लिहायचं फक्त बाकी राहतं.

@घाटावरची_राणी, तुमचा राग रास्त आहे. पण तीन वर्षांच्या बंदीने तुमच्या मुलीचे २० गुण परत येणार आहेत का? सज्ञान ग्रँडमास्तर असलेल्या फेलरलासुद्धा फिडेने तीन वर्षांहून कमीच बंदी घातली. १२ ते १५ ही तीन वर्षं आणि ३२ ते ३५ ही तीन वर्षं सारखी मोजायची?

पंचगिरी :
मी जिल्हा आणि राज्य पातळीवर आर्बिटर म्हणून काम करतो. थोडं जमिनीवरचं सांगतो.

नियम साधा आहे. परवानगी नसलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण खेळाच्या ठिकाणी खेळाडूच्या अंगावर सापडलं की डाव गेला. इंजिन चालू होतं की फोन नुसता खिशात विसरला, याने त्या क्षणी फरक पडत नाही (आयोजकांनी आधीच सौम्य शिक्षा ठरवली असेल तर गोष्ट वेगळी). कपडे, पिशवी तपासायचा अधिकार आम्हाला आहे, तपासणारी व्यक्ती खेळाडूच्याच लिंगाची हवी. हे झालं डावापुरतं आणि स्पर्धेपुरतं. बंदी आर्बिटर घालत नाही. आम्ही अहवाल पाठवतो, पुढचं संघटनेच्या समित्या बघतात.

आता खरी अडचण. परवाची केस सोपी होती, फोन हातात सापडला. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी वेगळ्या असतात. 'तो सारखा बाहेर जातो.' 'त्याचे बाबा खिडकीत उभे राहून खोकतात.' 'हा मुलगा एवढं चांगलं खेळूच शकत नाही.' शेवटची तक्रार सर्वात जास्त. अंडर-११ मध्ये एखादं मूल सुट्टीत चार महिने घासून येतं आणि अचानक २०० गुणांनी बरं खेळतं. त्याला चोर ठरवणारे पालक मी पाहिलेत. मुलं नाही म्हणत तसं, पालक म्हणतात.

२०१५ मध्ये युरोपियन महिला स्पर्धेत रुमानियाची मिहाएला सांडू रेटिंगच्या मानाने फार चांगली खेळली, तर इतर खेळाडूंनी तिच्याविरुद्ध सह्यांचं पत्र दिलं. काही सिद्ध झालं नाही. उलट आरोप करणाऱ्यांनाच फिडेच्या नीती समितीने दोषी धरलं. राणीताई, नावं जाहीर करायची पद्धत पडली की ती सिद्ध झालेल्यापाशी थांबत नाही. त्या ग्रुपांवर उद्या तुमच्या मुलीचा फोटो असू शकतो, ती जिंकली म्हणून.

घाटावरची_राणी :
माझ्या मुलीला मध्ये आणू नका. मी सिद्ध झालेल्याबद्दलच बोलतेय.

आणि गुपचूप मिटवल्याने काय होतं ते अमेरिकन ग्रँडमास्तर हान्स निमनने दाखवलंय. बाराव्या वर्षी ऑनलाइन फसवणूक, सोळाव्या वर्षी पुन्हा, हे त्याने स्वतः कबूल केलं. चेस डॉट कॉम या खेळायच्या वेबसाइटवरचं खातं बंद झालं, बाहेर कोणाला पत्ता नाही. मग २०२२ मध्ये सिंक्वेफील्ड कप स्पर्धेत त्याने तेव्हाचा जगज्जेता कार्लसनला हरवलं, कार्लसन स्पर्धा सोडून गेला आणि सगळं बाहेर आलं. चेस डॉट कॉमच्या ७२ पानी अहवालात शंभराहून जास्त ऑनलाइन डावांत फसवणुकीची शक्यता दाखवली होती. बाराव्या वर्षीच धाक बसला असता तर सोळाव्या वर्षी पुन्हा केलं असतं का?

तिरका_उंट :
निमनचंच घ्या. त्याच अहवालात समोरासमोरच्या डावांत फसवणूक केल्याचा ठोस पुरावा नाही, असंही म्हटलंय. कार्लसनला हरवलेल्या डावाबद्दलही काही सिद्ध झालं नाही. कार्लसनला मात्र सबळ कारणाशिवाय स्पर्धा सोडली म्हणून फिडेने १०,००० युरो दंड केला. तरी निमन आज पटावर बसला की लोक आधी त्याच्या कानाकडे बघतात. बाराव्या वर्षीचं प्रकरण तेव्हाच चव्हाट्यावर आलं असतं, तर तो ग्रँडमास्तर झाला असता का, याचाही विचार करा.

एक मान्य. गुप्त ठेवणं म्हणजे नोंद न करणं नव्हे. प्रत्येक वेबसाइट आपापलं खातं बंद करते आणि संघटनेला पत्ता नसतो, हे चूक आहे. माझ्याकडच्या एका मुलाचं ऑनलाइन खातं बंद झालं, तर वडिलांनी त्याच रात्री दुसऱ्या ईमेलने नवं उघडून दिलं. मला सांगताना हसत होते. अशा माणसाला तुमच्या तीन वर्षांनी काय होणार? सहा महिने सभागृहाच्या आवारात पाऊल टाकायचं नाही, असं सांगा, मग बघा.

दादरचा_प्यादा :
थोडं अवांतर. २०२१ मध्ये आनंदबरोबरच्या धर्मादाय सामन्यात निखिल कामतने कॉम्प्युटरची मदत घेतली, नंतर कबूल केलं. खातं बंद झालं, थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू. उद्योगपतीला माफी आणि सातवीतल्या पोराला तीन वर्षं, असा आपला न्याय. चालू द्या.

हत्ती_सरळ :
म्हणूनच सगळ्यांना सारखी कडक शिक्षा म्हणतोय! इगोर्स राउसिस ५८ व्या वर्षी स्ट्रासबुर्गमध्ये फोनसह सापडला, ग्रँडमास्तर किताब काढून घेतला आणि ६ वर्षं बंदी. असं पाहिजे. शिवाय आपल्याकडे खेळाच्या नावावर दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. पालक कशासाठी धडपडतात ते उघड आहे. लालूच एवढी मोठी असेल तर भीतीही तेवढीच मोठी हवी.

पंचगिरी :
हत्तीराव, लालूच पालकांना आहे हे तुम्हीच लिहिलंत आणि बंदी मुलाला मागताय.

सगळ्यांनी एक लक्षात घ्या, आरोप हीसुद्धा शिक्षाच असते. अमेरिकन ग्रँडमास्तर डॅनियल नरोडित्स्कीवर माजी जगज्जेता क्रामनिक जाहीरपणे संशय घेत राहिला, सिद्ध काहीच झालं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नरोडित्स्की गेला, २९ वर्षांचा. त्याच्या मृत्यूचं कारण काय यावर मी बोलणार नाही. पण शेवटच्या काळात तो कशातून जात होता हे जगाने पाहिलं, आणि फिडेने क्रामनिकविरुद्ध नीती समितीकडे तक्रार केली. तो मोठा माणूस होता, जगभर नाव असलेला. इथे आपण सातवीतल्या मुलाचा फोटो फिरवतोय.

शिक्षेपेक्षा पकडणं वाढवा, असं माझं मत आहे. वरच्या स्पर्धांत मेटल डिटेक्टर असतो, इंटरनेटवर डाव १५ मिनिटं उशिरा दाखवतात, म्हणजे बाहेरून वेळेत मदत होऊ नये. आमच्याकडे ३०० मुलं, चार आर्बिटर, शाळेचं सभागृह आणि स्वच्छतागृह दोन जिने खाली. आयोजकांकडे हातात धरायचा एक डिटेक्टर मागितला तर 'ट्रॉफ्या कमी कराव्या लागतील' हे उत्तर. प्रत्येक मुलाला ट्रॉफी हवी, डिटेक्टर कोणालाच नको. पकडला जाणार याची खात्री असेल, तर एक वर्षाची बंदीसुद्धा पुरते. खात्री नसेल तर दहा वर्षंही कागदावरच राहतात.

घाटावरची_राणी :
हे पटलं. डिटेक्टरसाठी फी पन्नास रुपयांनी वाढवा, मी देईन.

पण माझा प्रश्न तसाच आहे. मुलाला काढून टाकलं, तरी त्याच्या आधीच्या फेऱ्यांत हरलेल्यांचं काय?

पंचगिरी :
पकडला त्या डावाचा गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो. आधीच्या फेऱ्यांत फोन वापरला हे सिद्ध करता येत नाही, म्हणून ते निकाल सहसा तसेच राहतात. दुर्दैवी आहे, पण पुराव्याशिवाय बदलले तर उद्या प्रत्येक फेरीनंतर जुने डाव उकरून काढायला रांग लागेल.

तिरका_उंट :
मग माझ्या सूचनेत एक कलम घाला. निकाल बदलता येत नसतील, तर आधीच्या फेऱ्यांतल्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांची पुढच्या स्पर्धेची एन्ट्री फी दोषी मुलाच्या पालकांनी भरायची. पैसे भरेपर्यंत मुलाची नोंदणी पुन्हा सुरू नाही.

घाटावरची_राणी :
फी चालेल. लॉजचं भाडंही धरा. आणि एक वर्ष कमीच आहे, निदान दोन करा.