नेम आधी बसवायचा की बोट?

कोथरूडकर
परवा येथे एका सदस्यांनी लिहिले की, प्रॅक्टिकल पिस्तूल, म्हणजे धावत आणि जागा बदलत नेमबाजी करण्याच्या, स्पर्धेच्या सुरक्षा अभ्यासक्रमाला जायचे असेल, तर नवख्याने आधी वर्षभर दहा मीटर एअर पिस्तूल करावे; एकदा नेम बसला की सुरक्षा आपोआप अंगवळणी पडते. हे वाचून राहवले नाही. त्या अभ्यासक्रमात तुमचा ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) किती लहान पडला याला फारसे महत्त्व नसते. होल्स्टरमधून (कमरेच्या म्यानातून) पिस्तूल काढताना, मॅगझिन (काडतुसांची पेटी) बदलताना आणि जागा बदलताना तुमचे बोट कोठे असते आणि नळी कोणीकडे वळते, हे तेथे पाहिले जाते. दहा मीटरवर नेमबाज एका जागी उभा राहून एका हाताने पिस्तूल उचलतो, आणि हात खाली स्थिरावत असतानाच ट्रिगरचा पहिला दाब घेतो. तेथे ते योग्यच आहे. पण तीच सवय घेऊन आलेल्या माणसाचे बोट धावतानाही आत राहते, आणि प्रॅक्टिकलमध्ये हालचाल करताना किंवा मॅगझिन भरताना बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) आत राहिले, तर नेमबाज त्या एका फेरीतून नव्हे, संपूर्ण सामन्यातून बाद होतो. मग वर्षभर जी सवय लावायची, तीच पुढे मोडायची असेल, तर त्याला पूर्वतयारी कसे म्हणायचे?

बालेवाडी_लेन
ते मत माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. एअर पिस्तूल म्हणजे नुसता नेम, असे आपण गृहीत धरले आहे. नळीत सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामे असल्याची खूण दाखवणारी पट्टी) घातल्याशिवाय पिस्तूल टेबलावर ठेवायचे नाही, आज्ञेशिवाय भरायचे नाही, ‘स्टॉप’ ऐकताच हात थांबला पाहिजे, हे सगळे नवखा तेथेच शिकतो. शिवाय व्यवहार पाहा. प्रॅक्टिकलच्या हँडगन सामन्यांना किमान नऊ मिलिमीटरचे काडतूस लागते आणि आपल्याकडे ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या हत्यारांत, मोडते. पुण्यातल्या सामान्य माणसाने सराव कशावर करायचा? 4.5 मिलिमीटरच्या आणि 20 जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. जे हाताशी आहे त्याला नावे ठेवून नवख्याला घरी बसवण्यात कोणाचे भले आहे?

निवृत्त_हवालदार_खडकी
दोघांचेही लिहिणे एअर पिस्तुलाभोवतीच फिरत आहे. मी रंगरूट शिकवले आहेत. नवखा चुकतो तो नेम धरताना नव्हे, अडचण आली की चुकतो. हत्यार अडकले की तो ‘उस्ताद, चालत नाही’ म्हणत हत्यारासकट मागे वळतो. एकदा असाच एक पोरगा वळला, तेव्हा मी त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याला जागीच दाबून ठेवले होते. त्याचा नेम तुकडीत सर्वांत चांगला होता. प्रॅक्टिकलमध्ये नळी नव्वद अंशांच्या पलीकडे गेली की खेळ संपला, म्हणून पहिल्या दिवसापासून रिकाम्या हत्यारावर एकच गोष्ट घोटून घ्यावी: काहीही बिघडले तरी पाय आणि नळी समोर, आणि तोंडाने बोला.

सिंहगड_रोड
हवालदारसाहेबांचे म्हणणे पटले. माझी मुलगी नोकरीनिमित्त चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला असते आणि तिने तेथे हा अभ्यासक्रम केला. अभ्यासक्रमाला जाण्यापूर्वी ती सुट्टीवर घरी आली असताना हॉलमध्ये प्लॅस्टिकचे निळे पिस्तूल घेऊन सराव करीत असे. उजव्या हाताचा नेमबाज डावीकडे जात मॅगझिन बदलू लागला की नळी शरीराबरोबर मागे वळते, हे तिने भिंतीवर चिकटपट्टी लावून स्वतः शोधून काढले.

बालेवाडी_लेन
म्हणजे आता दिवाणखान्यात पिस्तूल! हे मला अजिबात मान्य नाही. आज निळे प्लॅस्टिक आहे, उद्या खरे येईल, आणि शेजारच्या घरात लहान मुले असतात. घरच्या ड्राय प्रॅक्टिसचा (गोळीविना सरावाचा) पुरस्कार करणाऱ्यांनी जबाबदारीचे भान ठेवावे.

सिंहगड_रोड
माझ्या घरात काय होते ते मला ठाऊक आहे. कृपया मला जबाबदारी शिकवू नका. ज्या पिस्तुलातून काही सुटूच शकत नाही, त्याची भीती घालून आपण खऱ्या प्रश्नाला बगल देत आहात.

कोथरूडकर
आवाज चढवू नका. सामन्यातल्या सेफ्टी एरियाचा (पिस्तूल हाताळण्यासाठी राखलेल्या जागेचा) नियम घरालाही लावा. तेथे रिकामे पिस्तूल हाताळता येते, पण काडतुसाला हात लावायचा नाही, डमीलासुद्धा नाही. घरातही सरावाच्या खोलीत एकही राउंड नको आणि भिंतीपलीकडे माणूस नको. एवढे पाळले, तर होल्स्टरमधून पिस्तूल काढण्याचा सराव घराइतका निवांतपणे कोठेच होत नाही. रेंजवर आपल्याला होल्स्टर लावून उभेही राहू देत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

निवृत्त_हवालदार_खडकी
आणखी एक गोष्ट शिकवा. पिस्तूल हातातून निसटले तर ते झेलायचे नाही. झेलणारा हात नेमका ट्रिगरवर पडतो. पडू द्यावे, उचलण्याचे काम रेंज ऑफिसरचे असते. पडले म्हणजे सामना गेला, हे खरे. पण माणूस वाचतो.

बालेवाडी_लेन
हा मुद्दा एअर पिस्तुलात कोणी शिकवत नाही, हे मान्य करावे लागेल. बोटाचेही काही अंशी मान्य. वर्षभर हा शब्द मी मागे घेतो; तीन महिने म्हणतो, आणि त्या तीन महिन्यांत हात स्थिरावल्यावर बोट गार्डच्या बाहेरच ठेवून, नेम दिसल्यावरच आत नेण्याची सक्ती करावी. गुण कमी पडतील, पडू देत. खऱ्या पिस्तुलाला घरात मात्र माझी परवानगी नाही.

सिंहगड_रोड
ती मी मागितलेलीही नाही. चिकटपट्टी कोठे लावायची ते विचाराल, तर खांद्याच्या रेषेत, दोन्ही बाजूंना. आणि मॅगझिन बदलताना कोपर पोटाजवळ ठेवून नळी समोरच्या भिंतीकडेच राहते का, हे दुसऱ्या माणसाने पाहावे, कारण स्वतःला ते कळत नाही.