सहीपुरती ग्रामसभा: विकास सरकारने करायचा की आपण? तुमचे अनुभव लिहा

मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या गावात ग्रामसभा झाली, असं ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात लिहिलं आहे. शंभरावर ग्रामस्थ हजर होते, असंही लिहिलं आहे. त्यातली एक सही माझी. मी त्या दिवशी सभेला गेलेच नव्हते. चार दिवसांनी शिपाई रजिस्टर घेऊन घरी आला, "ताई, एवढी सही करा" म्हणाला, मी पिठाचा हात पुसला आणि सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही.

त्याच सभेत गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर झाला. आमच्या वस्तीचं गटार त्यात नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जिथे पेव्हर ब्लॉक बसवले होते, तिथेच पुन्हा पेव्हर ब्लॉक होते. पावसाळ्यात गटाराचं पाणी अंगणात शिरलं तेव्हा मी सरकारच्या नावाने बोटं मोडत होते. शेजारचे काका एवढंच म्हणाले, "ठरावावर तुझी सही आहे ना?"

तो प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही. 24 एप्रिल 1993 रोजी 73वी घटनादुरुस्ती लागू झाली, तेव्हापासून ग्रामसभेला घटनेत जागा आहे आणि मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य आहे. म्हणजे सरकारचा एक तुकडा मी स्वतः आहे. आणि तरीही गटार बांधणं माझ्या एकटीच्या हातात नाही. मग जबाबदारी नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते?

महाराष्ट्रातल्या गावा-शहरांतले अनुभव हवे आहेत. मतं आपल्या सगळ्यांकडे भरपूर आहेत, म्हणून विनंती अशी की तुमच्यासमोर घडलेलं लिहा. माणसांची आणि कार्यालयांची नावं टाळा.

निवृत्त ग्रामसेवक

ताई, तुमच्या दारात जे रजिस्टर आलं ते पाठवणाऱ्या खुर्चीत मी 30 वर्षं बसलो. मीही रजिस्टर घरोघर फिरवलं आहे. ते चूक होतं, आणि हे मी आज पहिल्यांदा लिहून देतोय.

ते का घडतं तेही सांगतो. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तो. दोन हजार मतदारांच्या गावात 100 माणसं जमवायची. माझ्याकडे तीन गावांचा पदभार. झेंडावंदन झालं की पोरं खाऊ घेऊन घरी, मोठी माणसं शेतात. मंदिराच्या ओट्यावर पंचवीस जण उरायचे. सभा तहकूब करायची, पुन्हा बोलवायची, पुन्हा तेच पंचवीस. वर अहवाल तर वेळेत जायला हवा. मग शिपायाच्या हाती रजिस्टर. एकदा जमून गेलं की सवय लागते.

ओटा पूर्ण भरलेला मी एकाच वेळी पाहिला आहे, घरकुलाच्या यादीला. यादी वाचून झाली की दहा मिनिटांत ओटा रिकामा. त्यानंतर आराखड्याचा विषय यायचा.

लोकांचीच चूक, असं मात्र मी म्हणणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे (2021 ते 2026) थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायचे हे खरं, पण त्यातले 60 टक्के बंधित. पाणी आणि स्वच्छता यांवरच ते खर्चायचे. उरलेल्या अबंधित निधीत गावाने आपली निवड करायची. आपल्या हातात फारसं काही नाही हे लोकांनाही कळतं, आणि मग ओट्यावर बसायचा कंटाळा येतो.

एका गावात फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते भांडायचे नाहीत, आवाजही चढवायचे नाहीत. विषयपत्रिकेतला पहिला विषय नेहमीचाच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आम्ही तो "वाचलं, मंजूर" म्हणून पुढे ढकलायचो. हे उभे राहायचे आणि म्हणायचे, "साहेब, वाचा." मी वाचायचो. प्रत्येक ठरावानंतर ते विचारायचे, "याचं काय झालं?" वर्षभरात त्या गावात माझं काम दुप्पट झालं. पण सगळ्यात सरळ कागद त्याच गावाचे राहिले. एका माणसाने दोन शब्दांत एवढं केलं.

शेतमजूर बाईची मुलगी, सध्या नर्सिंग करते

मी दहावीत होते त्या उन्हाळ्यात गावाने पाणलोटाच्या स्पर्धेत भाग घेतला. पहाटे पाचला भोंगा वाजायचा. आई घमेलं घेऊन माळावर जायची, पावसाचं पाणी उतारावर अडवणारे सलग समतल चर खणायला. आम्ही त्याला सीसीटी म्हणायला शिकलो. दोन तास श्रमदान, मग तिथूनच मजुरीला. शहरातून लोक गाड्या घेऊन यायचे, फोटो काढायचे, तासभर कुदळ मारायचे. मलाही तेव्हा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो.

पाऊस पडला. विहिरींना पाणी आलं, अगदी खरोखर आलं. पण आमच्याकडे ना विहीर ना शेत. ज्यांच्याकडे पंधरा एकर होतं त्यांनी त्या पाण्यावर ऊस लावला. दोन वर्षांत विहिरी पुन्हा तळाला. चर बुजले, आणि पुन्हा श्रमदानाची हाक आली. तेव्हा आई गेली नाही. तर लोक म्हणाले, गावाच्या कामाला येत नाहीत, फुकटचं हवंय.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. त्या दुष्काळातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. आजी मातीच वाहायची, आईनेही मातीच वाहिली. आजीच्या घामाला सरकारने मजुरीचा हक्क म्हटलं, आईच्या घामाला गावाने दान म्हटलं. नागरिकांनी जबाबदारी घ्यावी असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हेच विचारायचं असतं, की कुठल्या नागरिकाने?

हेही लिहायला हवं की पाणी होतं त्या दोन वर्षांत आईला गावातच जास्त दिवस काम मिळालं. ते खोटं नाही.

वरच्या अनुभवाला उत्तर, पाणलोटाच्या कामात 20 वर्षं

ताई, तुम्ही नेमकी नस पकडली आहे. हिवरे बाजारची गोष्ट सांगताना लोक श्रमदान सांगतात आणि बाकीचं गाळतात. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं नाहीत असं ठरवलं. पावसाळ्यानंतर गावच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून कुठली पिकं घ्यायची ते ठरतं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांतला त्रास गावाने सोसला. आणि पैसा सरकारचा होता: आदर्श गाव योजना होती, रोजगार हमीची मजुरी होती. मी ज्या गावांत काम केलं तिथे सगळीकडे खणायला माणसं मिळाली. ऊस न लावण्याचा ठराव करायला फारच थोडी तयार झाली. जमीनवाल्यांनी स्वतःला बांधून घेतलं नाही तर भूमिहीनांचं श्रमदान त्यांच्याच विहिरीत जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आशा कार्यकर्ती

नागरिक की सरकार असं विचारता, तर मी कोण ते मलाच सांगा. सरकारच्या कागदावर मी स्वयंसेविका. मिळतं ते मानधन, त्याला पगार म्हणत नाहीत. गावाच्या लेखी मी "दवाखान्यातली बाई", म्हणजे सरकार.

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी मी घरी जाते. बाळाचं वजन करते, ताप बघते, नाळ बघते, बाळ दूध ओढतंय का, मलूल पडलंय का ते बघते. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की हे गडचिरोलीतून आलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी बाळं वाचवली, 1999 साली त्याचा अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला, आणि पुढे सरकारने ते देशभर आमच्या हाती दिलं. म्हणजे वाट नागरिकांनी दाखवली, पण देशभरातल्या घरांत जायला सरकारच लागलं.

एकदा एकविसाव्या दिवशी गेले तर बाळ गार लागत होतं. सासू म्हणाली, झोपलंय, नको उठवू. मी उठवलं. 108ला फोन केला, गाडी आली. पोरगं आता अंगणवाडीत आहे. त्यात आईने माझं ऐकलं, हे पण आहे. तिने नसतं ऐकलं तर गाडी असून काय उपयोग होता?

पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं तेव्हा गाडी येत नाही. पूल मी नाही बांधू शकत.

शहरातून, निवृत्त बँक कर्मचारी

आमच्या रस्त्याचं डांबरीकरण झालं आणि सात महिन्यांत खड्डे. वॉर्ड कार्यालयात सांगितलं, तर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात टाकतो म्हणाले. म्हणजे पुन्हा आपलेच पैसे.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. मागितलं काय हे महत्त्वाचं आहे. "रस्ता खराब का?" असं विचारलं असतं तर उत्तर आलं नसतं. मी कार्यादेशाची (ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची) प्रत, झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती आणि करारातल्या दोषदायित्व कालावधीची अट मागितली. तीस दिवसांत काही आलं नाही. पहिलं अपील केलं, मग कागद आले. दोषदायित्व कालावधी अजून संपलेला नव्हता! म्हणजे त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. कागद जोडून पत्र दिलं. तीन आठवड्यांत रोलर आला.

शेजारी म्हणाले, तुम्ही फार मोठं काम केलंत. मला तसं वाटलं नाही, वाईट वाटलं. ती अट करारात होती आणि ती पाळून घेण्यासाठी पगारी अभियंता होता. माझे त्यात पाच महिने गेले. मी निवृत्त आहे, मला इंग्रजी कागद वाचता येतात. चौकात भाजी विकणाऱ्या बाईने हे कधी करायचं?

गृहनिर्माण संस्थेची सचिव

थोडक्यात लिहिते. आम्ही 64 घरांनी ओला-सुका कचरा वेगळा करायला सहा महिने घालवले. घंटागाडी दोन्ही डबे एकत्रच ओतायची. लोक म्हणाले, मग कशाला करायचं? चार संस्थांनी मिळून तक्रार दिली, कप्पे असलेली गाडी आली. तोवर आमच्यातल्या निम्म्यांनी वेगळा करणं सोडलं होतं. आता गाडी नीट आहे आणि आम्ही नाही.

माजी सरपंच

महाराष्ट्रात 2011 साली पंचायतींत बायकांना निम्म्या जागा झाल्या, म्हणून माझ्यासारखीला खुर्ची मिळाली. सुरुवातीला मिस्टर शेजारी बसायचे. पुढे मीच सांगितलं, तुम्ही शेतावर जा.

आमची नळयोजना बंद होती. पाइप, टाकी, मोटर सगळं सरकारने दिलेलं. बंद कशामुळे, तर वीजबिल थकलं म्हणून. बिल थकलं कारण पाणीपट्टी कुणी भरत नव्हतं. आणि भरत का नव्हते? पाणी येत नव्हतं म्हणून. मी महिला ग्रामसभेत हे सांगितलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "कोणी भरली नाही ते वाच की." मी वाचलं. पहिलं नाव माझ्या चुलत सासऱ्यांचं. दुसरं एका सदस्याचं. सगळ्या मोठ्या घरांची बाकी, आणि दलित वस्तीतल्या बहुतेक घरांची पट्टी भरलेली.

मग पंचायतीच्या दारात फळा लावला. एका बाजूला घरागणिक बाकी, दुसऱ्या बाजूला पंचायतीचा खर्च, वीजबिलासकट. दोन्ही बाजू लिहिल्या म्हणून लोकांनी ऐकलं, नुसती बाकी लिहिली असती तर फळा फोडला असता. दिवाळीआधी मोटर चालू झाली. माझ्या घरात वर्षभर बोलणं बंद होतं, ते सोसलं.

नागरिकशास्त्राची शिक्षिका

मी मुलांना महाडचं सांगते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी 1923 साली मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळं खुलं केलं, कागदावर. पाणी प्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग माणसं तळ्यावर गेली, मार खाल्ला, आणि पुढे कोर्टातला दावा 1937 पर्यंत चालला. वर्गात एक मुलगी म्हणाली, "बाई, ठराव नसता तर ते कशाच्या आधारावर गेले असते?" मी आजवर गोष्टीचा दुसराच अर्धा भाग सांगत होते. तिने मला पहिला दिला.

धागाकर्ती

सगळं दोनदा वाचलं. 26 जानेवारीच्या सभेला मी गेले. एक्केचाळीस माणसं होती, बायका सहा. सभा तहकूब झाली. शिपाई यावेळी घरी आला तेव्हा मी सही केली नाही, आणि त्यालाही वाईट वाटणार नाही अशा शब्दांत सांगितलं, तो बिचारा सांगितलेलं काम करतो.

तहकूब सभेत मी उभी राहिले आणि मागचं इतिवृत्त वाचायला सांगितलं. फौजी काकांचे शब्द वापरले. पाय थरथरत होते. वाचलं गेलं. पेव्हर ब्लॉकचा ठराव आला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "हे कधी ठरलं?" आणि आमचं गटार पुढच्या आराखड्यासाठी लिहून घेतलं गेलं. बांधलं गेलेलं नाही, लिहून घेतलं आहे.

आता एक प्रश्न जाणकारांना. आमच्याकडे सभा सकाळी दहाला असते. आमच्या वस्तीतल्या बायका आठलाच मजुरीला जातात, सुट्टीचा दिवस असला तरी. सभेची वेळ सरपंच ठरवतात हे मला आता कळलं आहे. संध्याकाळी सहाची वेळ मागणारा अर्ज कुणी केला आहे का? मजकूर असेल तर इथे टाका. एक मेच्या आत द्यायचा आहे, आणि सह्या घ्यायला मी स्वतः घरोघर जाणार आहे, वाचून दाखवून.