अनुभव धागा: १८६२ सालचं भूत आजच्या रंगमंचावर

२४ डिसेंबर १८६२. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनमध्ये डिकन्सच्या एका भूतकथेवरचा प्रवेश झाला आणि आरपार दिसणारं भूत रंगमंचावर उभं राहिलं. ते दाखवलं जॉन हेन्री पेपर यांनी, म्हणून नाव पडलं 'पेपरचं भूत'. युक्ती अशी: प्रेक्षकांपासून लपलेल्या, प्रकाशात उभ्या नटाचं प्रतिबिंब रंगमंचावरच्या मोठ्या काचेत पाडायचं. मूळ कल्पना मात्र हेन्री डर्क्स या अभियंत्याची. त्यांनी १८५८ साली मांडलेल्या रचनेसाठी नाटकघरच नव्याने बांधावं लागलं असतं. पेपरनी काच तिरकी केली आणि आहे त्या नाटकघरात भूत बसवलं. पुढे फेब्रुवारी १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं ब्रिटनमध्ये लोकांसमोर पहिल्यांदा आली तीही याच इमारतीत, आणि ७ जुलैला तीच करामत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचली.

हे तंत्र, त्या काळची यंत्रं किंवा तसल्या इमारती ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांनी लिहावं. मापं, वजनं, कुठे चुकतं, का चुकतं. 'रात्री पावलं वाजतात' एवढंच नको. ती का वाजतात ते लिहा.

नेपथ्य

आपल्याकडच्या बहुतेक नाट्यगृहांत रंगमंचासमोर भूत लपवण्याजोगा खड्डा नसतो. त्यामुळे पेपरची खाली खड्डा आणि वर झुकलेली काच ही रचना सोडून द्या आणि विंगेतून भूत आणा. काच उभी, पण वरून पाहिलं तर ४५ अंशात. भूत ज्या विंगेत असेल त्या बाजूचं काचेचं टोक मागे, दुसरं टोक पुढे.

८ बाय ४ फुटांची ८ मिमीची काच साधारण ६० किलो भरते. तिला टफन्ड किंवा लॅमिनेटेडच घ्या, साधी काच नको. चौकट लोखंडी, खाली रबर आणि मागून दोन तिरके टेके. दोघांनी उचलायचा प्रयत्न करू नका. चार माणसं आणि काचवाल्यांचे व्हॅक्यूम पकडे लागतात. वजन टाळायला ॲक्रिलिक घेतात, पण ते मध्ये पोट काढतं आणि भुताचा चेहरा ताणला जातो. ॲक्रिलिक घ्यायचंच तर चारही बाजूंनी ताठ चौकटीत कसा.

काच जितकी जाड तितकी कड दुहेरी, कारण पुढचा आणि मागचा असे दोन्ही पृष्ठभाग प्रतिबिंब देतात. ४५ अंशात ही दोन प्रतिबिंबं काचेच्या जाडीच्या पाऊणपट सरकतात, म्हणजे ८ मिमीला ६ मिमी. पाचव्या रांगेपलीकडे ते जाणवत नाही, पहिल्या रांगेला नाकाची कड दोनदा दिसते.

जागा ठरवायची युक्ती सोपी आहे. भूत काचेच्या पुढे जितक्या अंतरावर, तितकंच ते काचेमागे दिसतं. विंगेत भुताच्या जागी पेटता बल्ब ठेवा आणि रंगमंचावर जिथे भूत हवं तिथे एक काठी उभी करा. पहिल्या रांगेचं डावं टोक, शेवटची रांग आणि बाल्कनी अशा तिन्ही ठिकाणांहून बल्ब काठीवरच दिसला तर जागा बरोबर. एका ठिकाणाहून जुळलं आणि दुसरीकडून सरकलं, तर अंतर चुकलेलं आहे. काच फिरवत बसू नका.

सर्वात जास्त त्रास देतात त्या भुताच्या विंगेकडच्याच टोकाच्या खुर्च्या. तिथून काचेत विंगेचा पुढचा भाग, कमानीची मागची बाजू, कधी तिथे बसलेला प्रॉम्प्टर दिसतो. तो सगळा पट्टा काळ्या मखमलीने झाका.

प्रकाशयोजना

वर काचेचं छान आलंय. पण भूत 'दिसत नाही' अशी तक्रार दहापैकी नऊ वेळा प्रकाशाची असते. काच ४५ अंशात जेमतेम दहा टक्के प्रकाश परत देते. म्हणजे भुतावर आणि नटावर सारखाच प्रकाश टाकला तर भूत नटाच्या जेमतेम एक दशांश उजळ. त्यामुळे रंगमंचावरचा प्रकाश उतरवा आणि भुतावर दसपट टाका. पॉलिटेक्निकमध्ये यासाठी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याची कांडी तापवत, तोच लाइमलाइट. आज विंगेत दोन हजार वॉटचा एक फ्रेनेल (मऊ कडेचा झोत देणारा दिवा) आणि समोरून भरणीला एक प्रोफाइल (रेखीव कडेचा झोत देणारा) पुरतो.

भुताच्या मागे, खाली आणि बाजूला काळी मखमलच हवी. टेरिकॉटचा काळा पडदा प्रकाश पडला की करडा होतो आणि तो करडा चौकोन भुतासकट रंगमंचावर येतो. कपडे पांढरे किंवा फिके. काळा कपडा घातलेलं भूत म्हणजे तरंगणारं डोकं.

हळूहळू प्रकट करायचं असेल तर स्वस्त एलईडी टाळा. खालच्या दहा टक्क्यांत ते झटके देतात आणि भूत लुकलुकतं. हॅलोजन सरळ येतो, फक्त मंद असताना पिवळसर होतो, म्हणून फिका निळा फिल्टर लावा. आणि भुताचा प्रकाश काचेवर थेट पडू देऊ नका. धूळ, बोटांचे ठसे, पुसल्याच्या रेघा, सगळं चमकतं. काच तिसऱ्या घंटेआधी शेवटची पुसायची आणि नंतर कोणी हात लावायचा नाही.

नटांची तालीम

रंगमंचावरच्या नटाला भूत दिसतच नाही, ते फक्त प्रेक्षकांना दिसतं. म्हणून नजर कुठे रोखायची, तलवार कुठे घुसवायची याच्या खुणा चिकटपट्टीने जमिनीवर हव्यात आणि दोघांनी मोजणीवर हलायचं.

भूत डावखुरं दिसतं हेही लक्षात ठेवा. उजव्या हातातली तलवार प्रेक्षकांना डाव्या हातात दिसते, अंगरख्याची बटणंही उलटतात. पत्र दाखवायचं असेल तर अक्षरं उलटी लिहा.

खड्डा वापरायचा आणि काच पूर्ण ४५ अंशात प्रेक्षकांकडे झुकवायची झाली, तर खाली उभा नट वर आडवा दिसेल. त्याला पाठीवर निजवा, डोकं प्रेक्षकांकडे, पाय रंगमंचाकडे. काच कमी झुकवली की उतरत्या फळीवर रेलून भागतं. पण चालणं फळीवर जमत नाही, ती चाकांवर ओढावी लागते.

ध्वनी

काचेमागच्या नटाचा आवाज प्रेक्षकांपर्यंत नीट जात नाही. मूळ प्रयोगांतही हाच अडथळा होता, म्हणून भुताचे प्रवेश बहुधा मूक असत. आता कॉलर माइक लावा, पण भुताचा स्पीकर काचेच्या मागे ठेवा. विंगेत ठेवलात तर आवाज एकीकडून आणि भूत दुसरीकडे.

गडगडाटाला पत्रा अजूनही उत्तम: पातळ लोखंडी पत्रा, वर दोन ठिकाणी टांगलेला, खाली लाकडी मूठ. इंग्लंडमध्ये छतात लाकडी पन्हळी बांधून त्यांतून लोखंडी गोळे सोडत. ब्रिस्टल ओल्ड व्हिकमधली तशी पन्हळ २०१६ मध्ये पुन्हा चालू केली. न्यूकॅसलच्या टाईन थिएटरात मात्र १८८७ साली असाच एक गोळा खाली पडून एका रंगमंच-कामगाराचा जीव गेला. त्या थिएटरातल्या भुताची गोष्ट त्याचीच सांगतात. गोळे वापरणाऱ्याने पन्हळीच्या दोन्ही टोकांना आडवी फळी आणि खाली जाळी लावल्याशिवाय एकही गोळा वर चढवू नये. त्या माणसाची आठवण ठेवायची ती अशी.

जुन्या इमारतींची देखभाल

पावलांचं उत्तर. व्हिक्टोरियन नाटकघरांत पडदे तागाच्या दोरांवर टांगलेले असत. दमट हवेत तागाचा दोर जाड होतो आणि आखडतो. रात्री पाऊस झाला की सकाळी पडदा जमिनीपासून बोटभर वर. कोणी हात लावलेला नसतो. हवा सुकली की तो परत उतरतो आणि उतरताना लाकडी पुल्या करकरतात, तीच पावलं वाटतात. दोर नायलॉनचे केले की करकर थांबते, पण नायलॉन वजनाने लांबतो, त्यामुळे खुणा दर आठवड्याला तपासाव्या लागतात.

भुताची म्हणून सांगतात त्या थंड झुळुकीचं कारण रंगमंचावरचा उंच मनोरा. त्यात गार हवा साठते. पडदा उचलला की मागची गार हवा पहिल्या रांगांच्या अंगावर येते.

लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधलं १८७५ सालचं थिएटर २०१८ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा भिंतींचा जुना उडालेला रंग मुद्दाम तसाच राखला. मला हे फार योग्य वाटतं. नवा रंग फासला असता तर इमारतीचं वय पुसलं गेलं असतं.

नेपथ्य, पुन्हा

सरकत्या भुताबद्दल राहिलं. १८५२ साली लंडनच्या प्रिन्सेस थिएटरात नट चार्ल्स कीन यांच्या नाटकात भूत रंगमंचावरून सरकत येता येता वर येत असे. खाली उतारावर रूळ, त्यावर छोटी गाडी, गाडीवर नट. वरची फट लाकडी पट्ट्यांच्या गुंडाळीने झाकलेली. गाडीबरोबर भोकही सरकतं. दुकानाच्या शटरसारख्या पट्ट्या कापडावर चिकटवून हे लहान प्रमाणात करता येतं. गाडी अडकते ती चाकांमुळे नाही, पट्ट्यांच्या कडा खाचेत फुगल्यामुळे. खाचेला मेण लावा, तेल नको. तेल धूळ धरतं.

प्रकाशयोजना, पुन्हा

हल्लीच्या मैफलींत मृत गायक 'होलोग्राम'ने आणतात, तो होलोग्राम नसतो. २०१२ साली अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात दिवंगत रॅपर टुपाक आला तो तिरक्या पारदर्शक पडद्यावरच्या प्रतिबिंबातून. गुजरातच्या त्याच वर्षीच्या निवडणूक प्रचारात एकाच वेळी अनेक गावांत नरेंद्र मोदींचं भाषण झालं तेही याच घराण्यातलं. काचेच्या जागी ताणलेली पातळ फिल्म, नटाच्या जागी प्रोजेक्टर, एवढाच फरक. फिल्म काचेहून कितीतरी हलकी, पण वाऱ्याने थरथरते. एसीची झडप तिच्यावर वळलेली असेल तर भूत पाण्यात उभं असल्यासारखं हलतं. तालमीला एसी बंद असतो आणि प्रयोगाला चालू, म्हणून हे नेमकं प्रयोगातच कळतं. शेवटची तालीम एसी लावूनच करा.