'बेरोजगार' म्हणजे नेमका कोण?

शब्दवेडी: श्रमबल सर्वेक्षणावरचा, म्हणजे किती लोक कामाला आहेत आणि किती बेरोजगार हे मोजणाऱ्या सरकारी पाहणीवरचा, एक लेख मराठीत आणतेय. त्यात राज्याराज्यांची तुलना आहे. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षात बेरोजगारीचा दर देशात ३.२ टक्के, महाराष्ट्रात ३.३, केरळात ७.२ आणि मध्य प्रदेशात १. बाबांना मसुदा वाचून दाखवला, तर म्हणाले, "म्हणजे मध्य प्रदेशात शंभरातले नव्व्याण्णव कामाला आहेत?" तसं नाही ना! हाताला काम नाही, पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तोच इथे बेरोजगार. शोधणं सोडून दिलेला आणि कामाला तयारही नसलेला माणूस या हिशेबातल्या शंभरातच येत नाही. हे सांगणारा शब्द आहे का?

मुळाक्षर: 'बेकार' आहे की. 'सुशिक्षित बेकार' वाचत आम्ही मोठे झालो. 'बेरोजगार' हिंदी बातम्यांमुळे बोकाळला.

शब्दवेडी: पण आता 'बेकार' म्हणजे वाईट. भाचीने 'बेकार तरुण' वाचून विचारलं, त्यांनी काय केलं?

मुळाक्षर: मग तिला अर्थ सांगा, शब्द कशाला टाकता? आणि 'रोजगार' तरी कुठे घरचा? फारसीत त्याचा अर्थ काळ, दिवस. आपण त्याला कामाला लावलं.

माणदेशी: आमच्याकडे 'रोज' म्हणजे दिवसाची मजुरी. बाया 'रोजानं' जातात. आई पाझर तलावाच्या कामावर जायची, तेव्हा 'हमीवर गेलीय' एवढंच म्हणायचे. 'रोजगार' फक्त कागदावर.
मागे एकदा कुणी माहिती विचारायला आलं होतं. "तुम्ही काय करता?" आई म्हणाली, "काय नाय, घरीच असते." दोन म्हशींच्या धारा काढून, डेअरीला दूध घालून नुकतीच आली होती. रिकामी किटली हातातच होती. सर्वेक्षणात घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारेही रोजगारात धरतात. पण पुढचा प्रश्न विचारला नाही, तर अशी बाई 'घरकाम' म्हणून लिहिली जाते. ग्रामीण बायकांचा सहभाग वाढला असं वाचतो, तेव्हा मला ती किटली आठवते. तिचं काम वाढलं, की कुणी नीट विचारलं?

मांडवीकाठ: २०२३-२४ या त्याच वर्षी आमच्या गोव्यात बेरोजगारी ८.५ टक्के! माझा चुलतभाऊ पदवीधर, दोन वर्षं सरकारी भरतीचे अर्ज भरतोय. घरचं भागतं म्हणून थांबू शकतो. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला रिकामं बसणं परवडत नाही, मिळेल ते काम उचलतो आणि दर खाली राहतो. दर कमी म्हणजे राज्य सुखात, असं कुणी लिहिलं की मला राग येतो. शब्दच हवा तर 'कामेच्छू' घ्या.

मुळाक्षर: अहो, नको! 'काम' संस्कृतात इच्छा. लोक भलतंच वाचतील.

गणितप्रेमी: महाराष्ट्र आदल्या वर्षी ३.१ होता ना? मग '०.२ टक्क्यांनी वाढ' लिहू नका. ३.१ च्या मानाने ती सहा टक्क्यांहून जास्त आहे. '०.२ टक्केबिंदूंनी' लिहा.

मुळाक्षर: टक्केबिंदू कुणाला कळणार? '३.१ वरून ३.३ वर' लिहा, वाद मिटला.

गणितप्रेमी: मिटला कसा? हा 'दर' तरी कुठे आहे, हे तर प्रमाण. दर बाजारात असतो.

मुळाक्षर: जन्मदर, मृत्युदर चालतात ना?

शब्दवेडी: माझा प्रश्न राहिलाच! 'काम शोधणारे' करून पाहिलं. तक्त्यात बसतं, मथळ्यात नाही.

माणदेशी: गावात "पोरगं बसून आहे" म्हणतात. पण शोधणारा आणि शोधून थकलेला, दोघांनाही तेच म्हणतात.