पहिलाच फिक्स्ड करंबित (आत वळलेल्या पात्याचा चाकू) घेतलाय, गंज, धार आणि सोबत नेणं, मदत हवी आहे

मालवणला राहतो, होडीवर जातो, दोरी-जाळी कापायला म्हणून फिक्स्ड ब्लेडचा करंबित घेतला. पातं साधारण ३ इंच, डी२ स्टील, कायडेक्सची (कडक प्लास्टिकची) म्यान. फोल्डिंग नको होतं कारण सांध्यात वाळू आणि मीठ जाऊन बसतं.

पहिली भानगड गंजाची. डी२ पूर्ण स्टेनलेस नाही हे घेताना कळलं नाही (माझंच चुकलं), आठवड्यात ठिपके आले. गोड्या पाण्याने धुऊन, पुसून खोबरेल लावतो, पण म्यानेत ओल राहतेच. धार लावायला सपाट दगड वापरून बघितला तर नुसतं टोक आणि मागची कड घासते, आतल्या वळणाला दगड टेकतच नाही. गोल कानस नको म्हणाले, खरवडते.

आता मुख्य. आर्म्स रूल्समध्ये शस्त्र म्हणून ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, त्यात माझा बसत नाही आणि वापरही कामाचाच. पण जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश (शस्त्रं जवळ बाळगायला बंदी) लागला की लांबीचा प्रश्नच उरत नाही ना? आमच्याकडे आकडीत कोयती अडकवून फिरणाऱ्याला कोण विचारत नाही, पण ह्याचा वाघनखासारखा आकार बघून कोणीही दचकेल. स्वसंरक्षण वगैरे डोक्यात नाही, ते सल्ले नकोत.

एसटीने कुडाळला जाताना म्यानेत, बॅगेत तळाशी ठेवला तर चालतं का, की होडीवरच ठेवावा? आणि आतल्या वळणाला सिरॅमिक रॉड किती जाडीचा घेऊ?